कोटाची बटणं आणि बंगाली दिवसफूल: झाडं ओळखणाऱ्या ॲपबरोबर एक वर्ष

भाच्याने माझ्या फोनवर हे ॲप टाकून दिलं त्याला वर्ष होऊन गेलं. फुलाचा किंवा पानाचा फोटो काढायचा, की चार-पाच सेकंदांत नाव हजर. वर शास्त्रीय नाव, त्याखाली इंग्रजी, त्याखाली मराठी. "मावशी, आता तुला कुणाला विचारत बसायला नको," तो म्हणाला. मी विचारलं, "यातलं शुद्धलेखन कोण तपासतं?" त्यावर तो नुसता हसला. मी मात्र गमतीने विचारलं नव्हतं.

ॲपचं नाव लिहीत नाही. या धाटणीची तीन ॲप्स मी आलटून पालटून पाहिली, तिघांचा स्वभाव सारखाच निघाला. त्यातलं जे वर्षभर रोज वापरलं त्याबद्दल लिहिते आहे. तुमच्या फोनवर दुसरं असलं तरी यातलं बरंचसं त्यालाही लागू पडेल.

माझ्याबद्दल एवढंच, की मी मुद्रितशोधक. तीस वर्षं दुसऱ्यांच्या पुस्तकांची प्रुफं वाचली. वनस्पतींवरची पुस्तकं हमखास माझ्याकडे यायची, कारण ती दुसरं कुणी घ्यायला तयार नसे. त्यातून माझी मोठी विचित्र अवस्था झाली. शेकडो झाडांची नावं अक्षरन् अक्षर पाठ, पण झाड समोर उभं राहिलं तर ओळख नाही. केन्याचं शास्त्रीय नाव कॉमेलिना बेंघालेन्सिस. त्यातला रोमन 'एच' गळला की माझी पेन्सिल आपोआप थांबायची. पण केना दिसतो कसा, हे मला साठी उलटेपर्यंत माहीत नव्हतं. तो माझ्याच घराच्या पायरीशी उगवतो, हे या ॲपने सांगितलं. पहिला तारा तिथेच देऊन टाकला.

त्या दिवशी मी पायरीवर बसून केना अर्धा तास पाहिला. पानाचा देठ खोडाला जिथे वेढा घालतो तिथे तांबूस केसांची झालर असते. होडीसारख्या दुमडलेल्या हिरव्या पानातून एक निळं फूल डोकं काढतं. वर दोन पाकळ्या मोठ्या, गोलसर, गडद निळ्या. खाली तिसरी, लहान आणि फिकी, चटकन लक्षात न येणारी. आणि मला एका प्रुफातला परिच्छेद आठवला. कॉमेलिन आडनावाचे तीन डच. त्यातले यान आणि कास्पर, हे काका-पुतणे, नावाजलेले वनस्पतिशास्त्रज्ञ. तिसरा या शास्त्रात काही करून दाखवण्याआधीच वारला. वनस्पतींना दोन शब्दांची नावं देण्याची पद्धत रूढ करणाऱ्या लिनियसने या नावाचा खुलासा असाच केला होता, की दोन ठसठशीत पाकळ्या त्या दोघांच्या आणि तिसरी, न खुललेली, त्या तिसऱ्याची. हा परिच्छेद मी कधीतरी तपासून, 'कास्पर'चा 'कॅस्पर' झालेला दुरुस्त करून पुढे पाठवला होता. पण ती तिसरी पाकळी बघितली ती त्या दिवशी. दुपारी फूल मिटून गेलं होतं. नंतर रोप उपटलं तर मुळांशी, मातीच्या आत, पांढुरक्या कळ्या सापडल्या. केना जमिनीखालीही फुलतो आणि न उमलताच बी धरतो. ॲपच्या माहितीपानावर यातलं काही नाही. तिथे "तण" एवढाच शेरा आहे आणि तो कसा मारावा याच्या चार ओळी.

असो. ओळखण्याच्या कामात हे ॲप हुशार आहे, हे मान्य करायलाच हवं. फूल मोठं असेल, फोटो नीट असेल, तर चूक क्वचित. तेरडा, लाजाळू, रुई, घाणेरी, आघाडा, कुरडू, गोकर्ण ही मंडळी त्याने एका फटक्यात ओळखली. तेरड्याच्या बाबतीत तर फूल नव्हतंच, नुसत्या फुगलेल्या शेंगा होत्या. फोटोसाठी फांदी धरली आणि शेंग माझ्या बोटांत फटकन फुटून बिया अंगावर उडाल्या. पडद्यावर नाव आलं इंपेशन्स बाल्समिना. इंपेशन्स म्हणजे अधीर, उतावीळ. आपण तेरड्याच्या रंगावर म्हण केली, त्यांनी शेंगेवर नाव ठेवलं.

आता तक्रारींकडे येते, आणि सगळ्यात मोठी तक्रार मराठी नावांच्या रकान्याची.

सुरुवातीला मला वाटलं की कुणी मराठी माणसाने बसून ही नावं भरली असणार. आठवडाभरात भ्रम फिटला. बहाव्याखाली "अमलतास". लाजाळूखाली "छुईमुई". रुईखाली "आक". कळलावीखाली "कलिहारी". ही हिंदी नावं आहेत, चांगली नावं आहेत, पण रकाना मराठीचा आहे. लिपी एक म्हणून भाषा एक, असा कुणीतरी परस्पर हिशेब केलेला दिसतो. परिभाषेतही तोच घोळ. वनस्पतिशास्त्राच्या मराठी पुस्तकांत जीनसला (जवळच्या जातींचा गट, शास्त्रीय नावातला पहिला शब्द) प्रजाती आणि स्पीशीजला जाती म्हणायची जुनी पद्धत आहे. हिंदीत प्रजाति म्हणजे स्पीशीज. ॲपमध्ये एका पानावर एक अर्थ, दुसऱ्यावर दुसरा. वाचणाऱ्याने काय समजायचं?

हिंदी उसनवारी तरी परवडली. खरी मजा पुढे आहे. जिथे हिंदी नावही मिळालं नाही तिथे यंत्राने इंग्रजी नावाचं भाषांतर करून टाकलं आहे. केना झाला "बंगाली दिवसफूल". पळस झाला "जंगलाची ज्योत". आणि पावसाळी कातळावर जांभळा गालिचा पसरणारी सीतेची आसवं? तिथे "मूत्राशय वनस्पती". इंग्रजी नावात ब्लॅडर आहे, यंत्राने शब्दकोश उघडला आणि पहिला अर्थ उचलला. खरं तर युट्रिक्युलॅरिया या लॅटिन नावातही छोटी पिशवीच आहे. या झाडाच्या मातीतल्या तंतूंवर टाचणीच्या डोक्याहूनही बारीक पिशव्या असतात आणि त्या पाण्यातले सूक्ष्म जीव डोळ्याला कळणार नाही इतक्या वेगात आत ओढतात. म्हणजे लॅटिन नाव पोटापाण्याकडे बघून ठेवलेलं आणि मराठी नाव फुलाकडे बघून. दोन्ही आपापल्या जागी बरोबर. "मूत्राशय वनस्पती" मात्र कुणाकडेच बघून ठेवलेलं नाही.

पण माझ्या आवडीचा नमुना आहे "कोटाची बटणं".

हे झाड तुम्ही पाहिलेलं आहे. रस्त्याकडेला, भिंतीच्या फटीत, मैदानात, कुठेही. जमिनीसरपट पसरतं, पानं केसाळ आणि दातेरी, आणि मधूनच वीतभर उंचीचा एक सडसडीत दांडा वर येतो, ज्याच्या टोकाला एकच लहान फूल. मध्ये पिवळं, कडेने फिकट पिवळसर पाकळ्या, बहुतेक वेळा पाचच. पाकळी जवळून बघा, तिचं टोक तीन दातांत कापलेलं असतं. शास्त्रीय नाव ट्रायडॅक्स प्रोकम्बेन्स. प्रोकम्बेन्स म्हणजे जमिनीवर लोळणारं. इंग्रजीत याला कोटाच्या बटणाची उपमा दिली आहे, म्हणून मराठी रकान्यात "कोटाची बटणं".

मी याचा फोटो टेकडीवर काढत होते. तिथे गवत कापणाऱ्या एक बाई होत्या. त्यांनी विचारलं, "दगडी पाल्याचा फोटू कशाला काढता ताई?" मी म्हटलं, "याला एकदांडी म्हणतात ना?" त्या म्हणाल्या, "म्हणत असतील. आमच्यात दगडी पाला." कंबरमोडी हे याचंच आणखी एक नाव मला एका कोशाच्या प्रुफातून ठाऊक होतं, ते सांगितलं तर त्या हसायलाच लागल्या. एकाच झाडाची तीन मराठी नावं आणि तिन्ही वापरातली. एका नावात फुलाचा एकुलता दांडा आहे, बाकी दोघांत आणखी काही. म्हणजे या रकान्यात भरायला काही नव्हतं अशातला भाग नाही. विचारलं कुणी नाही.

यात एक गंमतही आहे. लिनियसच्या आधी शास्त्रज्ञ झाडाचं नाव म्हणून अख्खं वर्णनच लिहीत. ज्याला आज प्लांटॅगो मीडिया म्हणतात त्याचं नाव होतं प्लांटॅगो फोलिइस ओव्हॅटो-लॅन्सिओलॅटिस प्युबेसेन्टिबस, स्पायका सिलिंड्रिका, स्कॅपो टेरेटी. म्हणजे अंडाकृती-भालाकार लवदार पानांची, दंडगोल कणसाची, गोल दांड्याची प्लांटॅगो. हे रोज कोण म्हणणार? 1753 साली लिनियसने सुमारे 6,000 वनस्पतींना दोन-दोन शब्दांची नावं पद्धतशीर लावली आणि तेच साल वनस्पतींच्या नावांचा आरंभबिंदू मानलं जातं. आमच्या गवतवाल्या बाईंच्या आज्या-पणज्या दांड्याचं वर्णन 'एकदांडी' या एका शब्दात उरकून मोकळ्या झाल्या होत्या. अर्थात त्या शब्दाने दुसऱ्या देशातल्या माणसाला काही कळत नाही. इतकंच काय, पुढच्या खोऱ्यातल्या माणसालाही कळेलच असं नाही. दोन्ही प्रकारच्या नावांची गरज आहे ती म्हणूनच.

लोकनावं फसवतात हेही लपवायचं कारण नाही. पिवळा धोतरा हा धोतरा नाहीच. धोतरा हे दातुरा प्रजातीतलं झाड, वांग्या-बटाट्याच्या कुलातलं. पिवळा धोतरा म्हणजे आर्जेमोन मेक्सिकाना, अफूच्या कुलातला. काटेरी पानं, मोडलं की पिवळा चीक. गाजर गवत हे गाजरही नाही आणि गवतही नाही, ते सूर्यफुलाच्या कुलातलं. पांढरा कुडा आणि काळा कुडा ऐकून वाटेल की एकाच झाडाचे दोन रंग, तर पहिला होलऱ्हेना आणि दुसरा राइटिया, दोघांच्या प्रजातीच वेगळ्या. इथे शास्त्रीय नाव हाताशी असलं की वाद मिटतो. आणि ते नाव हे ॲप देतं, बहुतेक वेळा बरोबर देतं. मी गुण कापते आहे ते खालच्या रकान्याचे.

शास्त्रीय नावं तरी स्थिर असतात का? भाच्याचा हाच प्रश्न होता, एका सकाळी. ॲपमध्ये 'माझी झाडं' म्हणून एक यादी राहते. तिथे मी बाभूळ नोंदवली होती, अकेशिया निलोटिका या नावाने. एका अद्ययावतीनंतर तिथे वाचेलिया निलोटिका दिसायला लागलं. ना सूचना, ना खुलासा. भाचा म्हणाला, "चुकलंय काहीतरी."

चुकलं नव्हतं. अकेशिया ही प्रजाती फार अवाढव्य होती, ती फोडावी लागली. फोडल्यावर मूळ नाव कुणाकडे ठेवायचं हा तंटा झाला. रिवाजाप्रमाणे ते ज्या झाडाच्या आधारे ठरलं त्याच्याकडे राहायला हवं, आणि ते झाड होतं आपली बाभूळच. पण ऑस्ट्रेलियात या गोतावळ्याच्या हजाराच्या आसपास जाती. त्या सगळ्यांची नावं बदलण्यापेक्षा बाभळीचं बदलणं सोपं, असं 2005 साली व्हिएन्नाच्या वनस्पतिशास्त्र परिषदेत ठरलं आणि 2011 साली मेलबर्नला कायम झालं. वाचेल नावाचे एक पाद्री मकावला झाडं गोळा करत, त्यांच्या नावावरून बाभळीची प्रजाती वाचेलिया झाली. खैर गेला सेनेगॅलियात. घराचं नाव जिच्यावरून पडलं तिलाच घराबाहेर काढलं, असा हा प्रकार. पण नियम नियम. ॲपने नवं नाव घेतलं हे योग्यच केलं. माझा राग बदलाच्या पद्धतीवर आहे. जुन्या पुस्तकात अकेशिया वाचून आलेल्या माणसाला दोन्ही एकच आहेत हे कळणार कसं? ती माहिती आहे, पण पानाच्या तळाशी, 'पर्यायी नावे' या करड्या रंगाच्या पट्टीत, तीही दाबल्याशिवाय उघडत नाही.

ती पट्टी मात्र जरूर उघडा. माझ्या मते अख्ख्या ॲपमधली सगळ्यात मोलाची जागा तीच आहे. कारवीच्या पानावर ती उघडली तर स्ट्रोबिलॅन्थिस कॅलोसा या नावामागे कार्विया कॅलोसा दडलेलं सापडलं. सात-आठ वर्षांनी एकदा फुलणाऱ्या आपल्या कारवीवरूनच कुणा शास्त्रज्ञाने एके काळी प्रजातीचं नाव केलं होतं. दातुराही तसाच, आपल्याकडचाच शब्द लॅटिन पोशाखात. चाफ्याच्या मॅग्नोलिया चंपाकामध्ये चंपक जसाच्या तसा बसला आहे. त्या पट्टीत मी एकदा दीड तास हरवले होते आणि दूध उतू गेलं. दोष ॲपचा नाही.

आपट्याच्या वेळी भाच्याने पुन्हा टायपिंगची चूक पकडल्याचा दावा केला. आधी बॉहिनिया रेसिमोसा, आता पिलिओस्टिग्मा रेसिमोसम. "प्रजाती बदलली ते ठीक, पण शेवटचं 'सा'चं 'सम' का झालं?" मी त्याला म्हटलं, पांढरा घोडा, पांढरी गाय, पांढरं वासरू. लॅटिनलाही मराठीसारखीच तीन लिंगं आहेत, आणि विशेषण नामाच्या लिंगाप्रमाणे फिरतं. ॲमरॅन्थस अल्बस, निंफिया अल्बा, चिनोपोडियम अल्बम, तिन्हीकडे पांढरा-पांढरी-पांढरं. बॉहिनिया स्त्रीलिंगी म्हणून रेसिमोसा, पिलिओस्टिग्मा नपुंसकलिंगी म्हणून रेसिमोसम. मराठी माणसाला हे दोन मिनिटांत समजतं. फसगत होते ती फायकसपाशी. शब्द दिसतो पुल्लिंगी, पण लॅटिनमध्ये तो स्त्रीलिंगी, म्हणून पिंपळ फायकस रिलिजिओसा. प्रुफांत याचं 'रिलिजिओसस' करणारा एक तरी शहाणा भेटायचाच.

बॉहिनिया हे नाव बॉहिन या वनस्पतिशास्त्रज्ञ बंधूंवरून आलं. पान टोकाशी दुभंगलेलं, दोन सारखे खंड, दोन भाऊ. कांचन अजून त्यांच्याकडेच आहे. आपटा तसंच दुभंगलेलं पान घेऊन दुसऱ्या घरी गेला.

आता टक्क्यांबद्दल. प्रत्येक नावाशेजारी ॲप एक टक्केवारी दाखवतं: 97, 88, 91. लोकांना तो आकडा खात्रीचा वाटतो. तुमचा फोटो त्याच्याकडच्या फोटोंशी किती जुळतो, एवढाच त्याचा अर्थ. पाणथळ कातळावर पांढरे बटणासारखे गोल तुरे घेऊन गेंद उभे असतात, एरिओकॉलॉन. त्यांच्या जाती ओळखायच्या तर तुरा फोडून आतली इवलीशी फुलं आणि बिया भिंगाखाली घ्याव्या लागतात. मी उभ्याने फोनवर फोटो काढला आणि ॲपने जातीसकट नाव सांगितलं, 91 टक्के. दोन पावलं मागे जाऊन त्याच गेंदाचा पुन्हा फोटो काढला तर दुसरी जात, 86 टक्के. जाणता माणूस अशा वेळी प्रजातीचं नाव लिहितो आणि पुढे 'एसपी' एवढी दोन अक्षरं, म्हणजे जात ठरलेली नाही. ॲपला ही दोन अक्षरं येत नाहीत. प्रुफात शंका आली तर आम्ही समासात प्रश्नचिन्ह काढायचो. त्याला कमीपणा समजत नव्हते.

कवल्याचीही हीच कथा. पिवळं फूल, त्यावर तांबडे ठिपके, पोरांना त्यात कार्टूनमधला उंदीर दिसतो. स्मिथिया इथपर्यंत ॲप बरोबर. पुढे हिरसुटा की दुसरी कुठली, यात ते दर फोटोला मत बदलतं. हिरसुटा म्हणजे केसाळ, तेव्हा बोट फिरवून पाहिलं तर थोडा अंदाज येतो, पण फोनला बोट नाही. स्मिथिया हे नाव जेम्स एडवर्ड स्मिथचं. लिनियसचा सगळा संग्रह त्याने 1784 साली विकत घेतला, वय जेमतेम चोवीस, आणि चार वर्षांनी लंडनला लिनियन सोसायटी काढली. कवल्याच्या नावात असला बडा माणूस आहे आणि नाजूक निळ्या मर्डानियाच्या नावात सहारनपूरच्या बागेतला वनस्पतिसंग्रह सांभाळणारा मुरदान अली. संग्रहाच्या कपाटांची राखण करणाऱ्याचं नाव प्रजातीला मिळालं, हे मला प्रुफात वाचलं तेव्हाही फार आवडलं होतं. मर्डानिया आणि केना यांत ॲप गोंधळ घालतं. तीनही पाकळ्या सारख्या दिसल्या तर केना नव्हे, ही माझी कामचलाऊ खूण.

एक तक्रार मात्र गंमतीची नाही. कुंपणावर कळलावी चढलेली होती. पानाचं टोक लांबत जाऊन स्प्रिंगसारखं गुंडाळतं आणि आधार पकडतं, त्यावरून ती फुलाआधीही ओळखू येते. फूल तर काय, सहा पाकळ्या मागे उलटलेल्या, बुडाशी पिवळ्या आणि वर लाल, आणि मधली नळी काटकोनात एका बाजूला वळलेली. ग्लोरिओसा सुपर्बा. लॅटिनने कौतुकाची दोन विशेषणं एकापुढे एक ठेवली, मराठीने भांडण लावणारी म्हणून नाव ठेवलं. ॲपने नाव बरोबर सांगितलं आणि शेजारी हिरव्या पानाचं गोंडस चिन्ह: "औषधी". या वेलीच्या सगळ्या भागांत, कंदात तर फारच, कोल्चिसिन नावाचं विष असतं. ते औषधात वापरतात हे खरं, पण ठरलेल्या सूक्ष्म मात्रेत, डॉक्टरच्या हाताखाली. कंद खाऊन माणसं मेलेली आहेत. "विषारी" हा शब्द त्या पानावर चौथ्या परिच्छेदात आहे. मी त्यांना कळवलं. चिन्ह अजून आहे. दीड तारा इथे गेला आणि तो परत मिळणार नाही.

बाकी किरकोळ. नेट नसेल तर ॲप मुकं होतं, आणि झाडं जिथे असतात तिथे नेट नसतं. फोटो काढून ठेवा, घरी येऊन दाखवा. एका फोटोपेक्षा तीन द्या: फूल, पानाची मागची बाजू, आणि पान खोडाला जिथे चिकटतं ती जागा. गवतं आणि लव्हाळे त्याला विचारूच नका. उच्चार ऐकवणारं एक बटण आहे, त्यातला माणूस आयपोमिया इतक्या घाईने म्हणतो की शिंक आल्यासारखं वाटतं.

नावं मागे पडण्याचाही प्रश्न आहे. जुलै 2024 मध्ये माद्रिदच्या परिषदेत 'कॅफ्रा' हे विशेषण नावांतून काढायचं ठरलं, कारण दक्षिण आफ्रिकेत ती शिवी आहे. आता 'अफ्रा' म्हणायचं. 200 हून अधिक नावांतून एक अक्षर गळणार, आणि त्यासाठी मतदान: बाजूने 351, विरोधात 205. एका अक्षरासाठी इतकी माणसं हात वर करतात हे वाचून मला आपण आयुष्य वाया घालवलं नाही असं वाटलं. ॲपमध्ये आपल्या पांगाऱ्याचा आफ्रिकी भाऊबंद अजून एरिथ्रिना कॅफ्राच आहे. बाभळीच्या वेळी कोण घाई झाली होती!

शास्त्रीय नावांना चार तारे, मराठी नावांना एक, आणि कळलावीमुळे एकंदर तीनच्या वर जायची माझी तयारी नाही. तरी ॲप फोनवरून काढलेलं नाही. रोज सकाळी ते घेऊनच बाहेर पडते.

'नाव सुचवा' असं एक बटण त्यांनी दिलं आहे. मी आत्तापर्यंत 64 सूचना पाठवल्या. "तुमची सूचना नोंदवली आहे, धन्यवाद" हे उत्तर 64 वेळा आलं. गेल्या महिन्यात पहिल्यांदाच एक सूचना प्रत्यक्ष उतरली. सकाळी भाच्याचा फोन आला, "मावशी, उघडून बघ, कोटाची बटणं गेली!" चष्मा शोधला, पान उघडलं. खरंच गेली होती. त्या जागी ठळक अक्षरांत लिहिलं होतं: "एकदंडी".

पासष्टावी सूचना त्याच दिवशी पाठवली. 'द'ला काना.